सात नंबरचा वाफा

मे महिना, तिसरा आठवडा.
वडगावात, बंद पडलेल्या मागांच्या शेडमागं
आमचे अकरा वाफे आणि एक विहीर.
वही माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं,
आणि बैठकीला मी उशिरा पोचले होते.

तर लिहिते.

दोडका चढला. मांडव पुरला नाही तसा
शेडच्या पत्र्यावर गेला, तिथं शेंडे करपले.
खालच्या अंगाला नऊ धरलेत.
शिवक्का त्यांना हिरेकाई म्हणते
आणि मोजून दहा सांगते.
एक पानाआड असतो म्हणे. मला काही दिसला नाही.

गवार बरी. लाल भाजी दोनदा कापली.
कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर गेली.
काकडी कडू. भरमाण्णा म्हणतो, पाण्याची वेळ चुकली.
बी त्यानं आणलं होतं,
हेही वहीत असू दे.

दस्तगीरभाई भाजी लावत नाहीत.
त्यांच्या वाफ्यात नुसती अबोली.
तीस वर्षं सूत रंगवलं त्यांनी
आणि हाच एक रंग, म्हणतात,
धाग्यावर कधी बसला नाही.
उन्हात उकिडवे बसून फुलांकडं असे बघतात
की कुणाची तरी उधारी राहिलीय.

विहीर: अठरा पायऱ्या उघड्या.
मार्चात अकरा होत्या.
एकोणिसावीवर कुणीतरी नाव कोरलंय,
वरची रेघ तेवढी पाण्याबाहेर आली आहे.
मराठी की कन्नड, अजून कळत नाही.
भरमाण्णा आणि शिवक्काचा थोरला
चहा-भज्यांची पैज लावून रोज वाकून बघतात.

आता सात नंबर.

फिलूबाई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं.
एप्रिलच्या सात तारखेपासून दवाखान्यात.
तिच्या वाफ्यात वांगी, कडेनं झेंडू.
ऊन असं की आमची पानं दुपारी माना टाकत,
तिची मात्र हिरवीगार,
आणि मग एका आठवड्यात पिवळी,
आणि उपटून बघितलं तर मुळं कुजलेली.
या विहिरीवर, या उन्हात, पाण्यानं कुजलेली.

परवा साडेपाचला मी बादली घेऊन आले
तर भरमाण्णा तिथं, हातात बादली.
"काय करूलास रे एवढ्या पहाटे?"
तो म्हणाला, "तू काय करूलीस?"
तेवढ्यात शिवक्का फाटकातून आली,
पदराखाली कळशी झाकून,
जशी काही चोरीची.
दस्तगीरभाईंनी संध्याकाळी आपणहून सांगितलं.
ते रात्रीच्या जेवणानंतर घालत होते.

मी फोन केला. वांगी गेली म्हणून सांगितलं.
पलीकडं बराच वेळ कुणाची तरी ट्रॉली वाजत राहिली.
मग फिलूबाई म्हणाली,
"चौघांना वेगवेगळं सांगितलं होतं गे,
तिघं विसरतील म्हणून."
आणि हसली, आणि हसताना दुखलं असावं,
कारण फोन नर्सनं घेतला.

तीन झाडं वाचली आहेत. एकाला जांभळी कळी.
झेंडूला काही झालेलं नाही,
झेंडूला कधीच काही होत नाही.

खर्च: पाइपला जोड, साठ रुपये.
शेणखताची एक गाडी, निम्मी उधार.
कडू काकडी म्हशीला दिली, तिनंही हुंगून सोडली.

सात नंबरला आता पाळी लावली आहे,
एका दिवशी एकच माणूस, अर्धी बादली.
शिवक्कानं कोळशानं भिंतीवर चार रेघा ओढल्यात,
ज्याची पाळी त्यानं आपली पुसायची.

त्यामुळं पाण्याचा उपसा कमी झाला
आणि विहीर अठराव्या पायरीशीच थांबली.
नाव तसंच, अर्धं बुडालेलं.
पैजेवाले माझ्यावर नाराज आहेत.
थोरला तर कालपासून
स्वतःच्या वाफ्याला जरा जास्तच पाणी घालतोय.